अकरा नंबरची कड

आठपैकी सात ब्रॅकेट बसले नाहीत, पण आठवा बसला, याचंच वृषालीला जास्त भय वाटलं. आठही चुकले असते तर चूक कुठेतरी एकाच जागी सापडली असती. पण अकरा नंबरच्या मागावर ब्रॅकेट असा बसला, जणू तिथेच जन्मला होता. बोल्ट बोटाने फिरवला तरी आत गेला. नऊवर, दहावर, बारावर मात्र बोल्टचं तोंड भोकाच्या कडेवर अडकून राहत होतं. फरक मिलिमीटरभराचाही नसेल, पण बोल्ट काही ऐकत नव्हता.

शनिवारची सकाळ होती, साडेनऊ झाले होते. सुरतच्या उधन्यातल्या त्या लूम्सच्या खात्यात, म्हणजे विणकामाच्या शेडमध्ये, सोळा माग दोन ओळींत उभे होते. दाराकडच्या ओळीत एक ते आठ आणि भिंतीकडच्या ओळीत नऊ ते सोळा. एरवी खात्यात शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. आज माग बंद होते; कारागीर काशिनाथ दारात उभा राहून तंबाखू मळत होता, त्या टाळीचा आवाज पार भिंतीपर्यंत येत होता.

"रामजीभाऊ," काशिनाथ म्हणाला, "पोरीने फक्त अकरासाठीच बनवलं का? बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं?"

रामजी मास्टर गुडघ्यावर बसून दहा नंबरचा बोल्ट परत परत लावून पाहत होता. वीस वर्षं तो या खात्याचा मास्टर होता. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा, चालता माग नुसत्या आवाजावरून ओळखणारा. भुसावळहून तो सुरतेला आला तेव्हा वृषाली तिच्या आईच्या, चंद्रभागेच्या, कडेवर होती.

गोष्ट साधीच होती. रेपिअर, म्हणजे आडवा धागा ओढून नेणारी पट्टी, ज्या चाकावर चालते त्या चाकाचा दांडा एका ओतीव ब्रॅकेटवर पेलला जातो. जुने झालेले हे ब्रॅकेट गेल्या दोन वर्षांत एकामागून एक तडकले, आणि सगळे एकाच जागी, बोल्टच्या भोकापाशी. माग बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. रामजीने त्यांना वेल्डिंगची ठिगळं लावली, ती पुन्हा तुटली. सोळांपैकी दहा माग थंड पडले. शेवटी सेठने सांगून टाकलं की शनिवारी चार वाजता भंगारवाला येईल आणि सोळाही माग वजनावर जातील. तेव्हा रामजीने सगळ्या कारागिरांसमोर सेठला शब्द दिला होता. त्याची पोर बी.एस्सी. झालेली, इच्छापोरच्या वर्कशॉपमध्ये कंप्युटरवर पार्ट काढते, ती हे ब्रॅकेट काढून देईल. शनिवारी चारला भिंतीकडची ओळ, पुरे आठ माग, चालू दाखवतो. सेठ म्हणाला होता, "आठ दिखाओ, फिर बात करेंगे."

नमुना म्हणून रामजीने अकरा नंबरचा ब्रॅकेट काढून दिला होता. सोळांमध्ये न तडकलेला तेवढा एकच होता.

वृषालीने खिशातली वही काढली. विचार करायचा झाला की ती लिहायची, ही कॉलेजच्या प्रयोगशाळेतली सवय. नऊवर न बसलेला ब्रॅकेट तिने अकरावर लावून पाहिला, तो बसला. अकरावर बसलेला काढून नऊवर लावला, तो अडला. म्हणजे आठही ब्रॅकेट एकसारखे होते. वेगळा होता तो माग.

"आबा," तिने विचारलं, "अकरा नंबर दुसऱ्या कंपनीचा आहे का?"

"सगळे एकाच कंपनीचे. एकाच दिवशी आलेले," रामजी म्हणाला. बोलताना तो हातातल्या पान्याकडे पाहत होता.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. एखाद्या मागाबद्दल विचारलं की आबा त्याची कुंडली सांगत सुटायचा. आज त्याने एका वाक्यात संपवलं होतं. पण विचारायला वेळ नव्हता. घड्याळात पावणेदहा झाले होते आणि चार वाजायला सव्वासहा तास उरले होते. तिने मोपेड काढली तेव्हा रामजी न विचारता मागे बसला. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत न बसलेले सात ब्रॅकेट. काशिनाथने मागून हाक मारून सांगितलं की येताना निदान भजी आणा, रिकाम्या हाताने येऊ नका.

उधना ते इच्छापोर म्हणजे पूर्ण सुरत ओलांडणं. पूल, सिग्नल, हजिऱ्याकडे जाणारे ट्रक. मागे बापाचं वजन जाणवत होतं. वृषालीच्या डोक्यात सारखं चित्र फिरत होतं. आपण कुठे चुकलो? ब्रॅकेट आपण स्वतः स्कॅन केला, स्वतः तीनदा मोजला. मोजमाप चुकलं म्हणावं तर अकरावर बसला कसा?

वर्कशॉपमध्ये सुशांत होता. मिलिंग मशीन तोच चालवायचा. वयाने तिच्याएवढाच, जळगावचा. पिशवी परत आलेली पाहून तो फक्त म्हणाला, "बापरे." मग रामजीला पाहून त्याने हात पुसले, जय भीम केला आणि एक स्टूल आणून कंप्युटरजवळ ठेवलं. मालक, ज्यांना सगळे भाई म्हणत, आज वापीला गेले होते.

रामजी या जागेत पहिल्यांदाच आला होता. पडद्यावर अकरा नंबरचा ब्रॅकेट उजळला, राखाडी, हाताएवढा मोठा, आणि वृषालीने तो माऊसने फिरवला तसा रामजी जरा मागे सरला.

"हे असं हवेत फिरतं?"

"हा स्कॅन आहे, आबा. खरा पार्ट हा. आणि हा निळा मी काढलेला." ती थांबली. समजावून सांगितलं तर कदाचित आपल्यालाच काही सापडेल असं तिला वाटलं. "मी सगळं नव्याने मोजून काढत नाही. जुन्या पार्टची कड असते ना, तिच्यावर क्लिक केलं की ती कड नव्या चित्रात उतरते. सावली पडावी तशी. मग त्या सावलीवरून पुढची रेघ, तिच्यावरून पुढची."

"म्हणजे छापा काढल्यासारखं."

"छाप्यासारखंच. फक्त हा छापा मूळ कडेला बांधलेला राहतो. मूळ कड हलली की हाही हलतो."

तिने भोकाची जागा मोठी केली. पडदाभर एकच भोक. आता दिसत होतं की ते गोल नव्हतं, किंचित लांबट होतं, दोन वर्तुळं एकमेकांवर सरकल्यासारखं. बाहेरची बाजू खडबडीत होती, गंजाच्या खळग्यांची. आतली बाजू गुळगुळीत होती, एकसारखी, आरशासारखी.

"हे मी पाहिलं होतं," वृषाली म्हणाली. स्वतःलाच पुरावा देत असल्यासारखी ती भरभर बोलू लागली. भोक गोल नाही म्हणजे एक बाजू झिजलेली असणार, हे उघड होतं. खडबडीत ती झिजलेली आणि स्वच्छ ती कंपनीची, कारण इतकी साफ कड कारखान्याच्या मशीनशिवाय कोण काढणार? म्हणून तिने स्वच्छ बाजूची कड घेतली, तिच्यावरून वर्तुळ पूर्ण केलं, आणि मग बाकीचं सगळं त्या वर्तुळावरून काढलं. पाय, खाच, दुसरं भोक, नऊ स्केच, एकावर एक.

रामजी पडद्याकडे पाहत होता. त्याने हात पुढे केला आणि काचेवरच्या त्या गुळगुळीत बाजूवरून अंगठा फिरवला.

"माय," तो म्हणाला. मुलीला तो फार हळवा झाला की माय म्हणायचा. "ती बाजू कंपनीची नाही."

"मग?"

"मी घासेल शे ती." मी घासलीय, हे सांगताना घरची भाषा त्याच्या तोंडून आपोआप बाहेर आली. "कानशीने."

सुशांतने मशीनचा पंखा बंद केला.

मग रामजीने सांगितलं, मान खाली घालून, तुटक तुटक. बारा वर्षांपूर्वी खातं जुन्या जागेतून इथे आणलं तेव्हा अकरा नंबर टेम्पोतून उतरवताना पडला. त्याची चौकट एका बाजूला वाकली. सेठला कळलं असतं तर दोष रामजीवर आला असता, कारण टेम्पोवर माणसं त्यानेच लावली होती. ब्रॅकेट बसत नव्हता. त्याच वर्षी दुसऱ्या एका मास्टरने कंपनीच्या पार्टला कानस लावली होती आणि पार्ट फुटून एका कारागिराचा हात गेला होता. तेव्हापासून सेठचा हुकूम होता की कंपनीच्या मालाला कानस लावेल तो त्याच दिवशी घरी. रामजीने दोन रविवार खात्याला कुलूप असताना आत बसून ते भोक आतल्या बाजूला वाढवलं. शेवटी बारीक पॉलिश पेपर मारला, कुणाला कळू नये म्हणून. तेव्हापासून अकरा नंबर एकदाही तडकला नाही. नमुना द्यायची वेळ आली तेव्हा धडका तोच एक होता, आणि खरं सांगायचं तर त्याला वाटलंही होतं की आपला सगळ्यात चांगला माग पोरीच्या हाती द्यावा.

"इतकी साफ होईल असं मलाही वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

"सकाळी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"काशिनाथ होता. बाकीचे होते. आणि तू होतीस."

वृषालीला एकाच वेळी ओरडावंसंही वाटलं आणि त्याचा हात धरावासाही वाटला. तिने यातलं काहीच केलं नाही. अकरा वाजून गेले होते.

तिने पहिलं स्केच उघडलं आणि स्वच्छ बाजूची कड पुसून खडबडीत बाजूची घेतली. आणि दुसऱ्याच क्षणी डाव्या बाजूची सगळी यादी लाल झाली. नऊच्या नऊ स्केचेस. ज्या कडेला सगळं बांधलं होतं ती कडच उरली नव्हती, त्यामुळे कुणालाच आपण कुठे आहोत हे कळत नव्हतं. पाय हवेत लोंबकळत होता, खाच उलटी झाली होती. तिने दुसरं स्केच दुरुस्त केलं तर पाचवं तुटलं. पाचवं सांधलं तर दुसरं भोक ब्रॅकेटच्या बाहेर जाऊन पडलं. एक लाल खूण गेली की दोन येत. एकदा तर तिने चुकून जुनंच परत आणलं आणि पाच मिनिटं त्याच चुकीच्या चित्रावर काम करत राहिली.

रामजीने एकच गोष्ट सुचवली. तयार झालेल्या सातांचं भोक बाहेरच्या बाजूला वाढवू, मी कानशीने करतो, दोन तासांत होतील. वृषालीने क्षणभर तोही विचार केला. मग वहीवर बाण काढून पाहिले आणि मान हलवली. भोक बाहेर वाढवलं तर बोल्टच्या आतल्या अंगाला पोकळी राहणार, आणि चाकाचा दाब ब्रॅकेटला नेमका त्याच पोकळीत ढकलणार. अकरावर दाब उलट बाजूला पडत होता म्हणून ते टिकलं. इथे तासाभरात ब्रॅकेट सरकेल, चाकाचे दात तुटतील.

"आणि कुणाचा तरी हात जाईल," रामजी म्हणाला. त्याने पुन्हा कानशीचं नाव काढलं नाही.

साडेअकराला वृषालीने सगळं पुसलं. नऊही स्केचेस. सुशांतने डोळे मिटून घेतले. रिकाम्या पडद्याकडे पाहत तिने स्वतःला विचारलं, या ब्रॅकेटमध्ये असं काय आहे ज्याला कुणीही हात लावलेला नाही? कंपनीनेच घातलेलं, झिजलं तर बदलावंच लागतं, घासून चालत नाही असं? चाकाचा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगची खोबण. बाजारात मिळणारं हे बेअरिंग सत्तेचाळीस मिलिमीटरचंच असतं आणि ते ठोकून बसवायचं असतं, तिथे कानस कुणी फिरवली असती तर बेअरिंग बसलंच नसतं. तिने त्या खोबणीच्या मध्यातून पहिली रेघ काढली. सगळं तिथून मोजायचं, सगळं आकड्यांनी, कुणाच्या कडेला न बांधता.

मग भोक. खडबडीत बाजूचा अर्धाच कंस उरला होता, पण वर्तुळाला तीन बिंदू पुरतात. गंजाचे खळगे टाळून तिने तीन जागा निवडल्या आणि वर्तुळ पूर्ण केलं. खोबणीच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर पडद्यावर उमटलं.

एकशे बारा पूर्णांक शून्य तीन.

तिने जुनं चित्र आठवलं. त्यात आकडा होता एकशे अकरा पूर्णांक एक चार. तिने तो पाहिला होता, लिहिलाही होता, आणि पुढे गेली होती. कागदावर पार्ट काढणारा कुठला माणूस एकशे अकरा पूर्णांक एक चार असं लिहील? तो एकशे बाराच लिहिणार. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन आपण तो आकडा गिळला कसा, याची तिला इतकी लाज वाटली की कान तापले.

"एकशे बारा," ती मोठ्याने म्हणाली. "सुशांत, तुकडे काढ."

सुशांत कोपऱ्यात गेला आणि रिकाम्या हातांनी उभा राहिला. लोखंडाची पट्टी आठ तुकड्यांपुरती आणि वर थोडी अशीच घेतली होती. वरचे तीन तुकडे उरले होते. पुढचा माल सोमवारी येणार. एक ब्रॅकेट कापायला अठ्ठावीस मिनिटं लागत होती, म्हणजे वेळ असता तरी तीनच होणार होते. मशीनवर दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं काम चढवलेलं होतं, ते त्याने उतरवायला सुरुवात केली. भाईचा ओरडा सोमवारी दोघं वाटून खाऊ, एवढंच तो म्हणाला.

"मी आठ बोलेल शे," रामजी म्हणाला. तो कुणालाच उद्देशून बोलत नव्हता.

पावणेतीनला ते तीन गरम ब्रॅकेट फडक्यात गुंडाळून निघाले. पुलावर एक ट्रक आडवा होता. वृषाली इंजिन बंद न करता उभी राहिली, आणि मागे रामजी दर मिनिटाला पिशवीत हात घालून तीन आहेत का पाहत होता, जणू मोजल्याने चार होतील.

खात्यात पोचले तेव्हा पावणेचारला पाच मिनिटं कमी होती. भंगारवाला आधीच आला होता. त्याच्या माणसाने खडूने सोळाही मागांवर आकडे टाकून ठेवले होते. सेठ दारात खुर्चीवर बसला होता. रामजी कुणाकडे न पाहता भिंतीच्या ओळीकडे गेला, वृषालीने बोल्ट हातात दिले. नऊ. बोल्ट गेला. दहा, गेला. बारा, गेला. अकरावर सकाळचा होताच. रामजीने चारही माग एकामागून एक चालू केले आणि खातं पुन्हा खात्यासारखं थरथरलं. तो डोळे मिटून ऐकत उभा राहिला. मग त्याने वृषालीकडे पाहून एकदाच मान हलवली. आवाज बरोबर होता.

सेठ ओळीच्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. त्याने हात वर करून माग बंद करायला सांगितलं.

"आठ बोला था, रामजी."

"जी सेठ."

"चार है."

सगळे कारागीर जवळ आले होते. रामजीने टोपी काढली. वृषालीला वाटलं, तो माल कमी पडला म्हणेल, सोमवारचा वायदा करेल. वायदे करणं त्याला जमायचं. पण त्याने बोट अकरावर ठेवलं आणि हिंदीत, अडखळत, सगळं सांगितलं. टेम्पो, वाकलेली चौकट, दोन रविवार, कानस. पोरीने चूक केली नाही, तिने माझ्या कानशीला कंपनी समजलं, असं म्हणून तो थांबला.

सेठने वृषालीला विचारलं की बाकीचेही असेच बसतील का, नक्की?

हो म्हणणं किती सोपं होतं. बापाने मान वर केली नाही. सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते.

"हे तीन बसले," ती म्हणाली. "बाकीच्या मागांवर कुठे काय घासलंय ते आबांना विचारून, मोजून मग सांगेन. आज नक्की सांगता येत नाही."

सेठने भंगारवाल्याला बाजूला घेतलं. दोघं गुजरातीत हळू बोलले. परत आला तेव्हा त्याने दाराकडच्या ओळीकडे हात केला, एक ते आठ, ते आज जातील. भिंतीकडचे राहतील, पुढच्या शनिवारपर्यंत. कानशीबद्दल तो रामजीला काहीच बोलला नाही, आणि रामजीला तेच सगळ्यात जड गेलं.

एक ते आठवर काशिनाथ आणि आणखी तिघं काम करायचे. भंगारवाल्याची माणसं एक नंबरचे बोल्ट सोडू लागली. काशिनाथ खूप वेळ ते पाहत राहिला, मग रामजीजवळ आला.

"रामजीभाऊ," तो म्हणाला, "आमच्या ओळीवर पण एखादी कानस फिरवली असती, तर काय झालं असतं?"

तो हसायला गेला, पण हसू पुरं आलं नाही. त्याने रामजीच्या खांद्यावर हात ठेवला, काढला आणि डबा घेऊन बाहेर गेला.

रामजी नऊ नंबरजवळ उभा राहिला. वृषालीने वही उघडली.

"लिही," तो म्हणाला. "नऊ. डावी खाच, अर्धा मिलिमीटर, मी. दहा. पायाखाली पत्रा आहे, तो मी घातला." प्रत्येक मागाजवळ तो वाकायचा, बोट ठेवायचा, आणि बारा वर्षं कुणाला न सांगितलेलं सांगायचा. मागे दोन नंबर खाली पडल्याचा आवाज झाला, जमीन हादरली. त्याचं बोट क्षणभर थांबलं. "तेरा," तो म्हणाला, "तेराला मी हात लावेल नाही. तेरावरून काढ."